मालक भाडं नंतर सांगतो, आधी आडनाव विचारतो

भाड्याने राहावं की घर विकत घ्यावं, हे ठरवायला वस्तीतल्या पोरांसाठी आम्ही मोबाईलवर एक प्रश्नावली बनवतोय. पगार, डिपॉझिट, हप्ता हे प्रश्न सगळेच विचारतात. मी पहिलाच प्रश्न टाकला: आडनाव ऐकून किती घरं नाकारली? सहकारी म्हणाला, हा आर्थिक प्रश्न नाही. कसा नाही? प्रत्येक नकारानंतर घर आणखी लांब आणि महाग मिळतं, वर ११ महिन्यांनी पुन्हा दलाली. १९१७ साली बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांनाही पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहावं लागलं, आणि तिथूनही त्यांना हाकललं. पण म्हणून सरसकट ‘विकतच घ्या’ असं उत्तर मी देणार नाही. निम्मा पगार हप्त्यात गेलेल्या पोराला साहेबासमोर तोंड उघडता येत नाही. तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवलाय.