वेतनाचा दावा आणि मालकाचा लवाद

नोकरीवर रुजू होताना हाती पडणाऱ्या नेमणूकपत्राच्या अखेरच्या अटींत अलीकडे एक कलम पुष्कळदा आढळते. उभयपक्षी कोणताही वाद उत्पन्न झाल्यास तो लवादाकडे सोपविला जाईल, असे ते सांगते. सही करणाऱ्या तरुणाचे लक्ष पगाराच्या आकड्याकडे असते; कलम वाचण्याची उसंत त्याला नसते, आणि वाचले तरी ते खोडून मागण्याची ताकद नसते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा येथील श्रमिकांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच एका प्रश्नाचे उत्तर पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. थकलेले वेतन मागणाऱ्या माणसाला या कलमाच्या बळावर कायद्याने नेमलेल्या न्यायासनापुढून उठवून खाजगी लवादाकडे पिटाळता येते काय?

न्यायालयांचे उत्तर नकारार्थी आहे. २०१२ साली किंगफिशर एअरलाइन्सने वैमानिकांचे व कर्मचाऱ्यांचे पगार थकविले. त्यांपैकी काहींनी मुंबईच्या कामगार न्यायालयात वसुलीसाठी धाव घेतली, तेव्हा कंपनीने करारातील लवादाचे कलम पुढे केले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते अमान्य केले. औद्योगिक विवाद कायद्याने कामगारांसाठी स्वतंत्र न्यायव्यवस्था उभी केली आहे, ती खाजगी कराराने बाजूस सारता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ह्युंदाई ऑटोएव्हर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सूत्र दृढ केले. तेथे कर्मचारी वेतनासाठी कायदेशीर प्राधिकाऱ्याकडे गेला असता कंपनीने गोपनीयतेच्या भंगाचे निमित्त काढून लवाद नेमून घेतला होता. मद्रास उच्च न्यायालयाने केलेली ती नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली आणि कंपनीवर पाच लाख रुपयांचा खर्च बसविला.

या निर्णयांमागील तत्त्व जुनेच आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या २३ व्या कलमाने कामगाराला आपला हक्क कराराने सोडून देण्यासही मनाई केली होती. ब्रिटिश अमदानीतल्या कायद्यालाही एवढे उमगले होते की, पोट हातावर असलेल्या माणसाची संमती आणि भांडवलदाराची संमती यांचे मोल सारखे नसते. करारस्वातंत्र्याचा सिद्धान्त दोन्ही पक्षांना थांबण्याची सारखीच ऐपत आहे असे गृहीत धरतो. वस्तुतः थकलेला पगार म्हणजे कामगाराने मालकाला दिलेले सक्तीचे, बिनव्याजी कर्ज होय. विलंबात मालकाचा लाभ आणि कामगाराची उपासमार आहे. त्यात लवादाच्या फीचा वाटा कामगाराच्या माथी आला, की थोड्या रकमेचा दावा न केलेलाच बरा असे त्याला वाटू लागते. शिवाय लवादाचे कामकाज बंद दाराआड चालते. एका कामगाराने मिळविलेला न्याय शेजारच्या शेडमधील दहा जणांच्या उपयोगी पडत नाही.

यावर एक आक्षेप आपल्याच गोटातून येईल. लवाद ही तर आपल्या चळवळीची परंपरा. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा महात्मा गांधींनी लवादावरच मिटविला नव्हता काय? मिटविला, आणि आनंदशंकर ध्रुव यांच्या निवाड्याने कामगारांची ३५ टक्के वाढीची मागणी मान्यही झाली. परंतु तो लवाद संपानंतर, संघटित कामगारांच्या संमतीने आला होता. औद्योगिक विवाद कायद्याच्या १०-अ कलमातील लवादही ऐच्छिकच होता. याउलट मुंबई प्रांताच्या १९३८ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेटाची प्रक्रिया पुरी होण्यापूर्वीचा संप बेकायदा ठरविला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्यास विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप पुकारला. त्यांचा रोष सक्तीवर होता, आणि आपलाही त्यावरच असला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या न्यायासनांपुढे तारखांवर तारखा पडतात, तेथे कामगाराला कोणते सुख लाभते? हे गाऱ्हाणे खरे आहे. तथापि त्यावरचा उपाय न्यायाधीशांची रिकामी पदे भरणे हा आहे. सार्वजनिक विहिरीतला गाळ उपसायचा सोडून सावकाराच्या विहिरीवर पाणी भरायला जा, असे कोणी सांगत नाही.

ही तटबंदी ढासळली म्हणजे काय होते, ते अमेरिकेकडे पाहावे. २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एपिक सिस्टिम्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा कौल दिला की, कामगारांनी एकत्रित दावा करू नये अशी लवादी अटही बंधनकारक आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२० साली उबरची अट फेटाळली. टोरोंटोच्या एका चालकाने नेदरलँड्समध्ये लवाद मागावा आणि त्यासाठी आधी सुमारे साडेचौदा हजार अमेरिकी डॉलर भरावेत, अशी ती अट होती.

आपल्याकडे खरी खिंड आता येथेच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. वेतन संहितेने वेतनाच्या दाव्याचा मार्ग व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांनाही खुला केला, दाव्याची मुदत तीन वर्षांची केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु घरोघरी जेवणाचे डबे पोचविणारा वा मोबाईलच्या हुकमावर गाडी हाकणारा श्रमिक त्या संहितेच्या दृष्टीने कर्मचारीच नव्हे. त्याची नोंद केवळ सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. ज्याला कर्मचारी म्हटलेच नाही, त्याच्या हाती उरतो तो केवळ करार, आणि करारात लवादाचे कलम असले तर मालक त्याकडेच बोट दाखविणार.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. कामाचा मोबदला मागणाऱ्या प्रत्येकाला, मग कंपनी त्याला 'भागीदार' म्हणो वा आणखी काही, वेतन प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा हक्क मिळावा. आणि वाद उद्भवण्यापूर्वी लिहून घेतलेले लवादाचे कलम अशा दाव्यात निरर्थक समजले जावे, असे संहितेतच स्पष्ट नमूद व्हावे. तोवर द्वारसभांतून एक गोष्ट प्रत्येक कर्मचाऱ्याला सांगत राहू : पगार थकला असेल, तर त्या कलमाला भिऊन घरी बसू नका. दावा मुदतीत दाखल करा, आणि शक्य तर एकट्याने न करता संघटनेमार्फत करा.