जखमी मुलांच्या रक्तचाचणीला वेळेची जोड हवी

बोरघाटात १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे गोरेगावच्या वादक पथकाची बस शिंग्रोबा मंदिराजवळ दरीत कोसळली. त्यात १३ जण दगावले. मृतांत अल्पवयीन मुलेही होती. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. तेथे रस्ताच नव्हता. मदतपथके डोंगर चढून गेली.

महामार्गावरचे जखमी मूल तासाभरात खोपोलीत पोहोचू शकते, डोंगरावरच्या वाडीतले कदाचित दहा तासांनी. रक्तातील दाहनिदर्शकांवरून जखमी मुलांच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्याचे जे प्रयत्न जगभर चालू आहेत, त्यांचा कर्जत-खालापूरला कितपत उपयोग होईल, हे या फरकावरच ठरणार आहे.

गंभीर दुखापतीनंतर शरीरात दाह भडकतो. तो आटोक्यात राहिला नाही, तर पुढील काही दिवसांत जंतुसंसर्ग किंवा अवयव निकामी होण्याचा धोका वाढतो. ही चाहूल आधी लागावी म्हणून तीन-चार घटक मोजले जातात. इंटरल्युकिन-६ सर्वांत आधी वाढते, पण ती चाचणी महाग. त्याच्या इशाऱ्यावर यकृतात तयार होणारे सीआरपी वाढू लागण्यास सहा ते आठ तास लागतात आणि ते साधारण दोन दिवसांनी शिखर गाठते. प्रोकॅल्सिटोनिन त्याहून लवकर वाढते. मात्र मोठ्या दुखापतीत संसर्ग नसतानाही ते चढलेले आढळते.

म्हणजे अपघातानंतर अर्ध्या तासात केलेल्या तपासणीत सीआरपी सामान्य आले, तर त्याचा अर्थ काहीच नाही. उलट तो अहवाल पाहून सगळेच निर्धास्त होण्याची भीती अधिक. पोटातला रक्तस्राव तर हे निदर्शक दाखवतच नाहीत. मुलांचा रक्तदाब सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतो, त्यामुळे पहिल्या तासात नाडी, श्वास, त्वचेचा थंडपणा आणि डॉक्टरांची नजर यांनाच महत्त्व राहते.

तालुक्याच्या ठिकाणी आवाक्यातला पर्याय उरतो तो साध्या रक्तगणनेचा. पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर त्याच अहवालातून, जादा खर्चाविना काढता येते. पण येथेही मेख आहे. चार-पाच वर्षांपर्यंतच्या निरोगी मुलांत लिम्फोसाइटच अधिक असतात, नंतर हे प्रमाण उलटते. मोठ्यांसाठीची मर्यादा तीन वर्षांच्या मुलाला लावणे चुकीचे ठरते. शिवाय कातकरी व ठाकर वाड्यांतील एखादे मूल आधीच कुपोषित असेल किंवा तापाने फणफणलेले असेल, तर त्याचा आकडा दुखापतीपूर्वीच बिघडलेला असू शकतो. अशा मुलांसाठीची प्रमाणे मोठ्या शहरांतील बालरुग्णालयांच्या आकडेवारीवरून ठरवली, तर ती कितपत लागू पडतील, ही शंका रास्त आहे.

एका आकड्यापेक्षा ठरावीक तासांनी घेतलेल्या दोन-तीन नमुन्यांतील चढउतार अधिक बोलका असतो. मात्र पहिला नमुना कर्जतला, दुसरा पनवेलला आणि तिसरा मुंबईत, असा या भागातील गंभीर जखमीचा प्रवास असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे. तिच्यातून मुलासोबत जाणाऱ्या संदर्भचिठ्ठीवर दुखापतीची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, वय आणि वजन एवढे लिहिले, तरी पुढच्या डॉक्टरला पहिल्या अहवालाशी तुलना करता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. रात्री प्रयोगशाळा चालू असावी लागते.