गुणी घोरपड

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने टेक्ससहून छायाचित्र पाठवले. तिच्या मुलाच्या तळहातावर घोरपडीचे पिल्लू डोळे मिटून, हातपाय सैल सोडून पडले होते. खाली तिचा मजकूर : ‘सर, आणली तेव्हा फुसकारायची, शेपटीचे फटके मारायची. तीन आठवड्यांत इतकी गुणी झाली, की कोणीही उचलून घ्यावे!’ ते पाहून आम्हांला कौतुकाऐवजी धास्ती वाटली. हा लेख त्या ‘गुणी’ या शब्दाविरुद्ध आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक. पशुवैद्यकाचा आव आणत नाही. पण शब्द कुठे खोटे बोलतो हे पाहणे तर आमचेच काम. ज्या भाषेत चिवटपणे बिलगणाऱ्याला घोरपडीची उपमा देतात, जिने सिंहगडाच्या कड्यावर यशवंती चढवली (इतिहासकार ती मानोत वा न मानोत), त्या भाषेच्या माणसाला लोंबकळणारी घोरपड पाहून तरी शंका यायला हवी होती.

आपल्याकडे घोरपड पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत मात्र सव्हाना मॉनिटर ही आफ्रिकी घोरपड दुकानात मिळते. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तिची पिल्ले हजारोंनी निर्यात होत आली आहेत. गंमत अशी, की बॉस्क या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७९२ मध्ये या प्राण्याला दिलेल्या नावातच रोग आहे : ‘एक्झान्थेमा’ म्हणजे अंगावर उठलेले पुरळ. मानेवरच्या मोठ्या लंबगोल खवल्यांवरून ते नाव पडले. निरोगी खवल्यांत पुरळ पाहणारी माणसाची दृष्टी आता खऱ्या रोगात सद्गुण पाहते आहे.

रानातल्या पिल्लाच्या दृष्टीने उचलणारा हात म्हणजे शत्रूच. त्याने फुसकारणे, पळणे, बिळात घुसणे हेच त्याच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र. शिवाय दुबळेपणा उघड करणे रानात परवडत नसल्यामुळे हे प्राणी आजार लपवतात. तो आपल्या नजरेला येतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो. ‘पण सवयीने माणसाळतेच की,’ असे कोणी म्हणेल. माणसाळत असेलही. मात्र माणसाळलेली घोरपड डोळे उघडे ठेवते, जीभ सारखी आतबाहेर करते, माती उकरते, भक्ष्यावर झडप घालते. आजारी घोरपड यांतले काहीच करत नाही. कसोटी इतकी सोपी असताना ती कुणी लावत नाही, कारण निपचित प्राणी हाताळायला सोयीचा असतो आणि विकायलाही.

आम्ही तिला प्रश्न पाठवले. चालताना पोट जमिनीवरून उचलले जाते का? बोटे थरथरतात का? खालचा जबडा मऊ लागतो का? डोळे खोल गेलेत का, शेपटीचे मूळ बारीक झाले आहे का? तोंड उघडे ठेवून श्वास घेते का, नाकाशी बुडबुडे येतात का? पहिल्या तिन्हींची उत्तरे वाईट आली. हाडांना चुना न मिळाल्याची ही लक्षणे. पेटी खिडकीशी ठेवली होती, ‘ऊन मिळते’ म्हणून. पण अतिनील किरणांतला जो भाग ‘ड’ जीवनसत्त्व घडवतो, तो काचेतून जवळजवळ येतच नाही. दुकानदाराने कोरडी वाळू, एक लाल दिवा आणि उंदराची पिल्ले एवढाच संसार बांधून दिला होता. घानात डॅनियल बेनेट यांनी या घोरपडींचा अभ्यास केला. तिथे त्यांचा आहार मुख्यतः नाकतोडे, भुंगेरे, गोमा अशा अपृष्ठवंशी जीवांचा आढळला. आणि त्या राहतात खोल, दमट बिळांत. वाळूत ते पिल्लू नुसते सुकत होते.

अशा वेळी तोंड उघडून बळेच भरवण्याचा मोह होतो. तो टाळावा, थंड, सुकलेल्या शरीरात अन्न पचत नाही. आधी ऊब : तापण्याच्या जागेचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या वर, दुसरे टोक थंड, मधे निवड तिची. कोमट, उथळ पाण्यात बसवावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. आणि तडक सरपटणाऱ्यांच्या वैद्याकडे न्यावे. क्ष-किरण, रक्त आणि विष्ठा तपासल्यावाचून औषध ठरत नाही. ‘दोन दिवस पाहू’ म्हणणे अशा पिल्लाला बहुधा परवडत नाही.

तिने नेले. क्ष-किरणांत हाडे जवळपास दिसत नव्हती. कॅल्शियम, अतिनील दिवा, हातभर खोल ओलसर माती, नाकतोडे. दीड महिन्याने तिचे पत्र आले, किंचित नाराजीचे : ‘सर, जबडा थोडा वाकडाच राहणार म्हणतात. आणि आता अगदी बिघडली आहे हो, हात घातला की फुसकारते. काल मुलाच्या मनगटावर शेपटीचा वळ उठला.’

आम्ही उलट टपाली तिचे अभिनंदन केले.