दाणे कणगीत, पीठ डब्यात

भोरहून वरंध घाटाकडे किंवा नसरापूरहून वेल्ह्याकडे (म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात) निघालेल्या मंडळींना एक गोष्ट ठाऊक असते. मोटार डोंगराआड गेली की मोबाईलचे नेटवर्क जाते आणि त्यावर अवलंबून असलेले गाणेही बंद पडते. मग खिशात जे साठवलेले असेल, तेवढेच वाजते. तेव्हा साठवायचे ते कोणत्या फॉरमॅटमध्ये, हा प्रश्न तरुणांपुरता नाही. घरातल्या प्रत्येकाचा आहे.

हिशेब सोपा आहे. सीडीवरचे गाणे जसेच्या तसे ठेवले, तर मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. हे वेव्ह फॉरमॅट. एमपी३ हे जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात प्रचारात आले. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, तो ते गाळून टाकते आणि मिनिटाला एक ते अडीच एमबीत काम भागवते. एएसी हे त्याचेच धाकटे, अधिक हुशार भावंड. फ्लॅक मात्र २००१ पासूनचे वेगळे घराणे. ते काहीही टाकत नाही, नीट घडी घालून ठेवते. म्हणून जागा साधारण निम्मी लागते.

गृहिणींना हे समजायला वेळ लागू नये. फ्लॅक म्हणजे कणगीतले दाणे, एमपी३ म्हणजे दळलेले पीठ. दाण्यांचे पीठ केव्हाही होते. पिठाचे दाणे कधी झालेले नाहीत. एमपी३चे फ्लॅक केले तर डबा जड होतो, आत पीठच राहते. आणि एमपी३ पुन्हा पुन्हा नव्याने दाबले, तर दर खेपेला आणखी काही गळते.

म्हणून मूळ संग्रह घरी फ्लॅकमध्ये ठेवावा आणि प्रवासासाठी त्यातून एमपी३ किंवा एएसी दळून घ्यावे. ६४ जीबीच्या कार्डात वेव्ह सुमारे १०० तास मावते, फ्लॅक साधारण २०० तास, आणि १२८ दराचे एमपी३ हजार तासांहून अधिक. मोटारीच्या घरघरीत फरक कोणाला कळणार? पण एमपी३ करताना दर १९२ च्या खाली नेऊ नये. तंबोऱ्याची झणझण आणि टाळ्यांचा कडकडाट तिथेच आधी बिघडतो.

आता खरा मुद्दा. बाजारातले गाणे हरवले तर पुन्हा मिळते. पण मावळखोऱ्यातल्या आजीची जात्यावरची ओवी कोणत्या दुकानात मिळणार? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या काहींचे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण बर्नार बेल यांच्या मदतीने १९९० च्या दशकात झाले. पुढे ‘पारी’ने त्या लोकांपुढे आणल्या. गाणाऱ्यांपैकी कित्येकजणी आज नाहीत. आवाज आहे, कारण तो वेळेवर आणि नीट साठवला गेला. घराघरांत गिरणीचे पीठ आले, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या मुखोद्गत असलेली पिढी आता मोजकीच उरली आहे.

तेव्हा भाऊबीजेला गावी जाल, तर आजीला, मावशीला दोन ओव्या म्हणायला लावा. मोबाईलच्या ध्वनिमुद्रकात सोय असेल तर वेव्ह निवडा; एकाच माइकचा आवाज मिनिटाला पाच एमबी, म्हणजे तासाला तीनशे. घरी येऊन त्याचे फ्लॅक करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तिथेच व्हॉइस मेसेज म्हणून रेकॉर्ड केले, तर आवाज आधीच दळलेला असतो. फाइलला गाणारीचे नाव, गाव आणि तारीख द्या. एक प्रत घरी, दुसरी भावाकडे ठेवा.

मग प्रवासात ऐकायला त्याचे एमपी३ खुशाल करा. कणगी भरलेली असली, की पीठ संपल्याची चिंता नसते.