वाद्य विकणारा आणि वाद्य राखणारा

आमच्या शाळेच्या सभागृहांत एक जुना पियानो आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याच्या तीन पट्ट्या मुक्या झाल्या आणि बाकीच्या इतक्या बेसूर झाल्या कीं, सकाळच्या प्रार्थनेंत मुलांचा सूर एकीकडे व वाद्याचा दुसरीकडे जाऊं लागला. तेव्हां कित्येक पालकांनीं आम्हांस सुचविलें कीं, हें धूड मोडींत काढून विजेवर चालणारा कीबोर्ड घ्यावा. सूचना सद्धेतूनें केलेली होती. तथापि ती आम्हांस मान्य नाहीं.

इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं क्रिस्तोफोरी नामक कारागिरानें सुमारें १७०० सालीं पहिला पियानो घडविला. आजच्या पियानोस ८८ पट्ट्या व सुमारें २३० तारा असतात, आणि त्या सर्व तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांपर्यंत जातो. हा भार बिडाची चौकट सोसते. परंतु आवाजास भरदारपणा येतो तो तारांमागील पातळ लांकडी फळीमुळें. ही फळी दमट हवेंत फुगते, कोरड्या हवेंत आकसते, आणि तिजबरोबर स्वरहि चढतो व उतरतो. शिवाय तारांस गंज लागतो, हातोड्यांच्या नमद्यास कसर लागते. म्हणून पियानो विकला म्हणजे दुकानदाराचें काम संपलें असें होत नाहीं. खरें काम तेथूनच सुरू होतें.

मुंबईंत १८६५ सालीं स्थापन झालेल्या फुर्टाडो ह्या पेढीचें धोबीतलावावरील दुकान पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या भागांत गोमंतकांतील गांवोगांवच्या लोकांच्या कुडी आहेत. जवळच चर्च आहे, शाळा आहेत. अशा वस्तींत वाद्यांचें दुकान म्हणजे केवळ बाजार नव्हे. गायकवृंदाचा चालक, शिकाऊ मूल व पोटासाठीं वाजविणारा वादक ह्या सर्वांची गरज तेथें भागते. परंतु त्या दुकानदारीमागें स्वर लावणारा कारागीर उभा नसेल, तर मांडलेलीं सुंदर वाद्यें दहा वर्षांत घरोघरीं फुलदाणी ठेवण्याचीं मेजें होतील!

अखेर आम्हीं आमच्या पियानोसाठीं एका वृद्ध कारागिरास बोलाविलें. सेकंदास ४४० कंपनें करणारा स्वरचिमटा वाजवून त्यांनीं प्रथम एक तार जुळविली. मग त्याच स्वराच्या शेजारच्या दोन तारा नमद्याच्या पट्टीनें दाबून ठेवून ते एकेक सोडूं लागले, आणि दोन तारांमधील थरथर पूर्ण निवेपर्यंत कान देऊन ऐकूं लागले. काम सायंकाळपर्यंत चाललें. आठवीचा एक विद्यार्थी सारा वेळ जवळ उभा होता. त्यानें विचारलें, "सर, हें कोठें शिकवितात?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कारागीर म्हणाले, "मी उस्तादाजवळ बसून शिकलों. माझा मुलगा कांहीं शिकला नाहीं."

कीबोर्ड स्वस्त आहे, त्यास स्वर लावावा लागत नाहीं, लहान घरांत तो सोयीचा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्याचा एखादा भाग मिळेनासा झाला कीं तो टाकूनच द्यावा लागतो. पियानोची तार तुटली तर दुसरी घालतां येते. मात्र ती घालणारा हात हवा.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच. शाळेनें वर्षांतून दोन वेळां स्वर लावून घेण्याचा खर्च अंदाजपत्रकांत धरावा. पालकांनीं वाद्य घेतांना किंमतीआधीं हें विचारावें कीं, बिघडल्यास येणार कोण? आणि एखादा मुलगा वा मुलगी हें काम शिकूं म्हणेल, तर "हातानें करण्याचें काम" म्हणून नाक मुरडूं नये. कचेरींतील खुर्चीसाठीं अर्ज करणारे पुष्कळ आहेत. स्वर लावणारा मात्र आम्हांस शोधून आणावा लागला.

आतां त्या तिन्ही पट्ट्या बोलतात. आठवीच्या त्या विद्यार्थ्यास मात्र आम्ही अद्याप उत्तर देणें लागतों.