व्हॅनचा टायर कोणाचा?

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. स्लोटरडाइकच्या आमच्या साइटवर सलग तीन दिवस इतकं ऊन होतं की दुपारी सळईला हात लावायची सोय नव्हती. हॉलंडमध्ये गरम होत नाही असं गावाकडे अजून वाटतं. २५ जुलै २०१९ ला या देशात ४०.७ अंशांची नोंद झाली आहे, हे सांगितलं तर आई म्हणते, "मग तिकडे कशाला गेलास?" असो. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बंदराच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि आपल्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस कोसळतो तसा पाऊस आला. साइट बंद केली, व्हॅनमध्ये बसलो. नऊ सीटची व्हॅन, आम्ही आठ जण, मागे ड्रिल मशीन, हॅमर, ग्राउटच्या दोन गोण्या. स्टिअरिंगवर कोल्हापूरकडचा सव्वीस वर्षांचा पोरगा.

बासिसवेगवरून ए-१० ला चढायच्या वळणावर व्हॅनचा मागचा भाग बाहेर गेला. वेग साठच्या आत असेल. अर्धा फेरा मारून आम्ही कठड्याला घासत थांबलो. मेलं कोणी नाही. माझ्या कपाळाला खोक पडली, ड्रायव्हर पोराचं हासळीचं हाड मोडलं. मागून सातारचे काका एवढंच म्हणाले, "थांबली का रे?"

पोलीस येईपर्यंत मी पावसात खाली बसून मागची चाकं बघितली. साइटवर काही पडलं की आधी कारण बघायचं, ही सवय. दोन्ही टायर हिवाळी होते, भर जुलैत. बाहेरून नक्षी ठीक दिसत होती, पण आतली कड पूर्ण गोटा झालेली. बाजूवर डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे होते: २३१४. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे मागच्या चाकांत ३.८ बार हवा हवी होती. दुसऱ्या दिवशी गॅरेजात मोजली तर २.५ भरली.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मी सुपरवायझर आहे. रोज सकाळी परांचीवरचं तपासणीचं कार्ड बघतो, हार्नेसची तारीख बघतो, शिडीवर स्टिकर नसेल तर ती बाजूला काढतो. त्या व्हॅनमध्ये मी सात महिने रोज दोन वेळा बसलो आणि एकदाही वाकून टायर बघितला नाही. व्हॅन एजन्सीची, आपण फक्त बसायचं, असं डोक्यात होतं. परांचीही दुसऱ्याचीच असते, तरी ती बघतोच ना?

एजन्सीच्या कागदावर अपघाताचं कारण दोन शब्दांत आलं: ड्रायव्हरची चूक. पुढच्या पगारात त्या पोराचे ४५० युरो कापले, विम्यातला मालकाने भरायचा हिस्सा म्हणून. हाड मोडलेलं आणि वर पगार कापलेला. त्याने कोणाला सांगितलंही नाही. पगाराची स्लिप वाचता येत नव्हती म्हणून माझ्याकडे आणली, तेव्हा कळलं.

टायरचं आधी सांगतो, पैशांचं नंतर.

ओल्या रस्त्यावर टायरचं एकच काम असतं, खालचं पाणी बाजूला करून रबर रस्त्याला टेकवणं. ते पाणी नक्षीच्या चरांतून निघतं. चर उथळ झाले किंवा हवा कमी झाली की पाणी निघत नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून यासाठी एक ढोबळ सूत्र काढलं: हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा, त्याला १६.६ ने गुणा, तेवढ्या किलोमीटर वेगाला चाक तरंगू लागेल. ३६ पीएसआयला येतात १००, २५ ला येतात ८३. गाडीच्या टायरला हे तंतोतंत लागू होत नाही, पण हवा कमी म्हणजे धोका लवकर, हे त्यातून नीट कळतं. आम्ही तर साठच्या आत होतो, म्हणजे दोष एकट्या पाण्याचा नव्हता. बरेच दिवस कोरडा राहिलेला रस्ता पहिल्या सरीला तेल आणि धुळीने निसरडा होतो, हे आपल्याला जूनमुळे माहीत आहे. त्यात भर पडली रबराची. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहावं असं बनवलेलं असतं. तीस अंशांत ते जास्तच मऊ पडतं, लवकर झिजतं आणि ब्रेक लांब लागतो. आणि तोच टायर दहा वर्षांचा झाला की मऊसुद्धा राहत नाही, कडक होतो. म्हणजे हिवाळ्यालाही गेला आणि उन्हाळ्यालाही. एजन्सीचा हिशोब सोपा होता: आहेत ते आधी संपवू.

नेदरलँड्समध्ये हिवाळी टायरची सक्ती नाही. शेजारी जर्मनीत बर्फ-गारठ्याच्या रस्त्यावर ती आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेलाच टायर चालतो, नुसतं एम-प्लस-एस लिहिलेला नाही. तुमची व्हॅन सीमेपलीकडच्या साइटवर जात असेल तर हे बघाच. इथल्या कामासाठी ते चिन्ह असलेला चांगला ऑल-सीझन टायर पुरतो. युरोपात १ मे २०२१ पासून नव्या टायरवर जे लेबल येतं त्यात पावसाच्या ढगाचं चित्र असतं, त्यापुढे ए ते ई. ए म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड उत्तम. आपल्यासाठी हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. डिझेल बचतीचं अक्षर मालकासाठी आहे.

आखातातल्या मित्रांचं गणित वेगळं. तिथे मुख्य शत्रू उष्णता. टायरच्या बाजूवर 'टेंपरेचर' असं लिहून ए, बी किंवा सी असतं. तिथे एच घ्या. 'ट्रॅक्शन'पुढचं अक्षर ओल्या रस्त्याचं, त्यात डबल ए सगळ्यात वर. तिथे पाऊस पडतोच कुठे, असं म्हणणाऱ्यांना १६ एप्रिल २०२४ आठवत असेल. संयुक्त अरब अमिरातीत पंचाहत्तर वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस त्या दिवशी झाला, अल ऐनच्या भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. उन्हात वर्षानुवर्षं भाजून कडक झालेले टायर त्या दिवशी पाण्यात गेले.

आणि सुट्टीवर जाऊन रत्नागिरीला किंवा सांगलीला जुनी गाडी घेणारे आपले लोक. इंजिन ऐकतात, रंगावरून हात फिरवतात, टायर मात्र काळा पॉलिश मारून चकचकीत केला की खूश. तिथे ऊनही आहे आणि चार महिने पाऊसही. हिवाळी टायर कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका, रिमोल्ड पुढच्या चाकांना तर मुळीच नको. डीओटीचे चार आकडे वाचा. सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर त्याचे पैसे गाडीच्या भावातून कमी करून घ्या. नक्षीत आडव्या छोट्या उंचवट्या असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरले. कायद्याची मर्यादा तीच, इथेही आणि भारतातही. पण पावसात मी ३ च्या खाली थांबत नाही. इथे मोजायला एक युरोचं नाणं पुरतं: त्याची सोनेरी कड साधारण ३ मिलिमीटर आहे. चरात उभं घाला, कड बुडाली तर ठीक. आतल्या बाजूच्या चरातही घाला. आमचं तिथेच फसलं होतं.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी बघायची. दहा अंश तापमान वाढलं की हवा साधारण ०.१ बारने वाढते, व्हॅनच्या टायरमध्ये त्याहून थोडी जास्त. चालून गरम झालेल्या टायरचा आकडा बघून हवा सोडणारे खूप आहेत. गावाकडचा पंक्चरवालाही सांगतो, उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवा. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकून तापते आणि तापून फाटते. इथल्या पंपावर आकडे बारमध्ये असतात, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. नव्याने आलेला एक जण मशीनवर ३५ कुठे आहे म्हणून शोधत होता, आणि मागे रांग लागली होती.

अपघातानंतर व्हॅनला नवे टायर आले. वाकून वाचलं तर आकडा १०२. आधी होता १०९/१०७. हा वजनाचा आकडा असतो: १०९ म्हणजे एका टायरवर १०३० किलो, १०२ म्हणजे ८५०. आकाराच्या शेवटी 'सी' हे अक्षरही नव्हतं, म्हणजे साधा कारचा टायर. आठ माणसं आणि सामान घेऊन जाणाऱ्या व्हॅनला तो चालत नाही. मी बसलो नाही. कोऑर्डिनेटर म्हणाला, "नवीन तर आहेत!" तिसऱ्या दिवशी बदलले.

दोष कोणाच्या नावावर लिहायचा, हे सोयीने ठरतं. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला. परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही असं आलं. तिथे टायरच्या नावावर टाकलं, आमच्याकडे टायरचं माणसाच्या नावावर. त्याच वर्षी आरटीओने समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून गोटा टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली होती. तापलेलं काँक्रीट, सरळ रस्ता, १२० ची मर्यादा. हे आधीपासून व्हायला हवं होतं.

आता पैशांचं. नेदरलँड्सच्या नागरी कायद्याचं कलम ७:६६१ सांगतं की काम करताना कामगाराकडून मालकाचं नुकसान झालं तर ते कामगाराने भरायचं नाही, मुद्दाम केलं असेल किंवा जाणूनबुजून बेदरकारपणा असेल तर गोष्ट वेगळी. करारात 'नुकसान तुमच्याकडून घेऊ' असं छापलेलं असलं तरी, त्या नुकसानीचा तुमचा विमा असेल तेवढ्यापुरतंच ते चालतं. शिवाय १ जानेवारी २०१७ पासून किमान वेतनातून कापायला बंदी आहे. घर आणि आरोग्य विम्याचा अपवाद आहे, तोही लेखी संमतीने आणि मर्यादेत. आम्ही युनियनच्या माणसाकडून दहा ओळींचं पत्र लिहून घेतलं, त्यात हे दोन मुद्दे आणि टायरचे माझे फोटो. ४५० युरो पुढच्या पगारात परत आले. माफी नाही, स्पष्टीकरण नाही, स्लिपवर फक्त 'दुरुस्ती' असा शब्द. स्पीडचा दंड मात्र आपला आपण भरायचा, त्याला हे लागू नाही.

हाडाचं काय? मागे बसलेल्यांची भरपाई गाडीच्या सक्तीच्या विम्यातून मिळते. स्टिअरिंगवरच्या माणसाची त्यातून मिळत नाही! त्यासाठी वेगळा विमा लागतो, इथे थोडक्यात एसव्हीआय म्हणतात. ऑगस्ट २००२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका काँक्रीट कामगाराच्या बाजूने निकाल दिला: सहकाऱ्यांना स्वतःच्या गाडीतून साइटवर नेताना त्याचा अपघात झाला होता, आणि त्याचं नुकसान मालकाने सोसायचं असं ठरलं. २००८ मध्ये आणखी निकाल आले की कामासाठी गाडी चालवणाऱ्यासाठी मालकाने पुरेसा विमा काढून ठेवायला हवा. तेव्हा जो कोणी तुम्हाला किल्ली देईल त्याला मेसेजवर विचारा, एसव्हीआय आहे का. तोंडी नको.

किल्ली घेणाऱ्या पोरांसाठी अजून एक. भारतीय लायसन्सवर इथे नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालवता येतं. एकशे शहाऐंशीव्या दिवशी तुम्ही विनालायसन्स आहात आणि विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. एजन्सी ही तारीख मोजत नाही, आपण मोजायची. आणि गाडीचा नंबर आरडीडब्ल्यूच्या वेबसाइटवर टाकलात तर एपीके तपासणी कधीपर्यंत आहे आणि विमा आहे की नाही, दोन्ही फुकट दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पगार किंवा कपातीचा प्रश्न असेल तर एफएनव्ही युनियन आहे, कमी पगार असणाऱ्यांना युरिदिश लोकेतमध्ये मोफत सल्ला मिळतो.

"जास्त बोललो तर उद्यापासून येऊ नको म्हणतील," असं तो कोल्हापूरचा पोरगा मला तेव्हा म्हणाला होता. भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने न बोलता मेसेज आठ जणांच्या नावाने पाठवतो, फोटोसहित, निघण्याआधी. कोणा एकाला काढता येईल, असं त्यात काही नसतं.

सध्या दर सोमवारी सकाळी पावणेसहाला स्लोटरडाइक स्टेशनच्या मागे व्हॅन उभी राहिली की काका मोबाइलचा टॉर्च धरतात आणि तो पोरगा नाणं घेऊन चार चाकांभोवती फिरतो. खांदा पूर्वीसारखा वर जात नाही त्याचा. मागच्या सोमवारी त्याने स्टेपनीही बघितली. आकडे होते ०९१३. मेसेज गेला आहे, उत्तर यायचं आहे.