भाऊंचा धक्का आणि बादशहाची कमान

शाळांच्या सहलींचा मोसम आला की राजगुरुनगरच्या एस.टी. स्थानकातून पहाटेच्या अंधारात मुंबईच्या गाड्या सुटतात. गेटवेच्या कमानीपुढे मुलांना रांगेने उभे करायचे, छायाचित्र काढायचे, ताजमहाल हॉटेल बाहेरूनच दाखवायचे आणि जमल्यास लाँचमधून घारापुरीला जाऊन यायचे, असा हा वर्षानुवर्षांचा ठरीव कार्यक्रम. खेड-चाकणच्या मुलांनी समुद्र पाहावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ज्यांच्या गावची भीमा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते, त्यांना पश्चिमेच्या समुद्राचे अप्रूप वाटणारच. आमचा प्रश्न एवढाच आहे की, समुद्राकाठी नेऊन आपण या मुलांना दाखवतो काय?

अपोलो बंदरावर 2 डिसेंबर 1911 रोजी बादशहा पंचम जॉर्ज सपत्नीक उतरला. त्या दिवशी खेडच्या वाड्यात शिवराम हरी राजगुरू तीन वर्षांचे होते. बादशहा उतरला तेव्हा ही दगडी कमान तेथे नव्हतीच. शोभेचा तात्पुरता मंडप होता. कोनशिला 1913 मध्ये बसली आणि कमान खुली झाली ती 1924 मध्ये, म्हणजे पाहुणा परत गेल्यावर तेरा वर्षांनी. त्यानंतर सातच वर्षांनी, 23 मार्च 1931 रोजी, त्याच बादशहाच्या राज्यात लाहोरच्या तुरुंगात राजगुरूंना फाशी देण्यात आले. ज्या गावाने आपले जुने नाव बाजूला ठेवून या हुतात्म्याचे नाव धारण केले, त्या गावच्या मुलांना कमानीखाली यातले काही कोणी सांगत नाही. फेब्रुवारी 1946 मध्ये नौदलाच्या खलाशांनी बंड पुकारले तेव्हा मुंबईकरांनी याच बंदरावर त्यांच्यासाठी अन्न आणून दिले, हेही नाही. आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी गोऱ्या फौजेची अखेरची तुकडी याच कमानीतून चालत जाऊन बोटीत बसली, हे तर सांगायलाच हवे. कमान पाडा असे आम्ही म्हणत नाही. तिच्यापाशी मुकाट उभे राहून फोटो काढू नका, एवढेच म्हणतो.

परंतु पाहण्यासारखा खरा धक्का दुसराच आहे. माझगावच्या बाजूला, मासळीच्या वासात आणि मालमोटारींच्या गर्दीत दडलेला भाऊचा धक्का हा कोणा राजाच्या स्वागतासाठी बांधलेला नाही. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ हे तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यातील एक कारकून. कोकणातून येणारी माणसे चिखल तुडवत, खलाशांच्या खांद्यावर बसून किनाऱ्याला लागतात, बायामुले उन्हापावसात ताटकळतात, हे त्यांनी रोज पाहिले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराच्या केरकचऱ्याने समुद्र भरून धक्का बांधून काढला. त्यात त्यांनी पैसाही मिळवला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आजचा धक्का भाऊंच्या मूळ जागेवर नाही. भराव पुढे गेला तसे नावही पुढे सरकले. सरकारी कागदांत त्याला फेरी व्हार्फ म्हणतात. लोकांनी मात्र पावणेदोनशे वर्षे कारकुनाचेच नाव चालवले आहे.

या धक्क्याशी राजगुरुनगरचे नाते नाही असे समजण्याचे कारण नाही. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांतील कोरडवाहू जमिनींनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला मनगटे पुरवली. डबेवाले त्यांतलेच, बंदरालगतच्या वखारींत पोती वाहणारे माथाडीही घाटावरचेच. धक्क्याला समांतर धावणाऱ्या फ्रिअर रोडला आज पी. डिमेलो यांचे नाव आहे. रोजच्या रोज मुकादमाच्या मर्जीवर काम मिळवणाऱ्या गोदी कामगाराला संघटित करणारा हा पुढारी. 1948 चा गोदी कामगार कायदा आणि 1969 चा माथाडी कायदा यांमागे अशाच पाठीवर ओझे वाहिलेल्या माणसांचे लढे आहेत. आज चाकणला तयार झालेल्या मोटारी मुंबई बंदरातून जहाजांवर चढतात. त्या बनवणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या मुलाने बंदर पाहावे ते केवळ वारा खाण्यासाठी नव्हे.

धक्क्यावर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे आणि ती सुखाची नाही. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला एक महिना उरला असताना, आषाढी अमावास्येसाठी गावी निघालेल्या लोकांना घेऊन ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळण्यात कित्येक तास गेले. रेवसहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी माल समुद्रात फेकून होड्यांत माणसे घेतली, असे सांगतात. सत्त्याहत्तर वर्षांनी, 18 डिसेंबर 2024 रोजी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची इंजिनचाचणी घेणारी वेगवान बोट आदळली. पंधरा माणसे गेली. लाँचवर शंभराहून अधिक प्रवासी होते आणि बहुतेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. जाकिटांची सक्ती झाली ती त्यानंतर. दोन अपघातांची कारणे वेगळी आहेत हे आम्ही जाणतो. पण तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाच्या जिवाची तजवीज प्रेते मोजून झाल्यावरच करायची, ही रीत मात्र तीच आहे. सहलीची मुले याच लाँचमध्ये बसतात.

आता मुंबईचा किनारा पुन्हा नव्याने बांधला जात आहे. बॅलार्ड पिअरवर विहारनौकांसाठी आलिशान टर्मिनल 2025 मध्ये खुले झाले. जानेवारी 2024 पासून अटल सेतू सुरू आहे; त्यावर मोटारीला एका खेपेचे अडीचशे रुपये आणि दुचाकीला मज्जाव. स्कूटर बाळगणाऱ्या उरणच्या कामगाराला पूल डोळ्यांसमोर असून लाँचच गाठावी लागते. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रोरो जहाज जाते, ही चांगलीच सोय. तरी मोरा-रेवसच्या लाँचमध्ये चढणाऱ्या म्हाताऱ्या कोळिणीला ओल्या पायऱ्यांवर आधाराला कठडा हवा, सावली हवी, स्वच्छ मुतारी हवी. भाऊंनी जे ओळखले होते तेच हे. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी नवी जेट्टी होत आहे. कुलाब्याच्या रहिवाशांच्या विरोधी याचिका उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळल्या, आणि जेट्टी प्रवाशांसाठीच राहावी, तेथे करमणुकीचा बाजार मांडू नये, अशा अटी घातल्या. या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणारे डोळे कुलाब्याबाहेरही असले पाहिजेत. किनारा काही केवळ खिडकीतून समुद्र दिसणाऱ्यांचा नाही.

राजगुरुनगरच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. पुढच्या सहलीत गेटवेला अर्धा तास द्या आणि गाडी डिमेलो मार्गाने भाऊच्या धक्क्याकडे वळवा. पहाटे पोचलात तर मासळीचा लिलाव सापडेल. मुलांना तेथे नाक दाबू देऊ नका. टोपल्या उचलणाऱ्या बायकांना रोजची मजुरी किती मिळते, लाँचच्या खलाशाला पावसाळ्यात काम असते का, हे त्यांनाच विचारू द्या. आणि परतल्यावर निबंधाचा विषय फळ्यावर लिहाल तेव्हा ‘मी पाहिलेला समुद्र’ असा न लिहिता ‘मी पाहिलेला धक्का’ असा लिहा.